आबांची लाडूतुला

विजयसिंह आबांचा वाढदिवस एक जूनला. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या तालुक्याचा वाढदिवस एक जूनलाच असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख वाटून टाकली. पण हे आबांना कोण सांगणार? ती तारीख पंचांगात लाल अक्षरांत छापलेली असावी, अशा थाटात ते ती साजरी करतात. यंदा तर एकसष्टी. त्यात कारखान्यावरची संचालकाची खुर्ची गेलेली आणि पुढची निवडणूक तोंडावर आलेली. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना आबा फ्लेक्सवर हात जोडून उभे राहिले.

राजेश्वरीकाकी म्हणजे आबांची बायको. गाडीतून जाताना दर फर्लांगावर त्यांना आपला नवरा दिसायचा आणि दर फर्लांगावर त्यांचं डोकं उठायचं. "घरात एक हाय तेवढा पुरं न्हाय व्हय," असं त्या सुनेला म्हणायच्या. सून स्वरूपा हसू दाबून गाडी चालवायची.

एकसष्टीला लाडूतुला करायची ठरली. तराजूच्या एका पारड्यात आबा, दुसऱ्या पारड्यात त्यांच्या वजनाइतके बुंदीचे लाडू, आणि मग ते लाडू इंदापूर रस्त्यावरच्या मूकबधिर आणि अंध मुलांच्या निवासी शाळेत आबांनी स्वतःच्या हातानं भरवायचे. एक जूनला शाळेला सुट्टी होती, म्हणून वाढदिवसच महिनाअखेरीला ढकलला. ज्याचा जन्मच गुरुजींनी ठरवला, त्याचा वाढदिवस काय, कुठंही सरकवा.

आबांचं या शाळेवर फार प्रेम. असं ते भाषणात सांगतात. बावड्याचा एक किराणा दुकानदार कित्येक वर्षं त्या शाळेला गव्हाची पोती पाठवतो, आणि त्याचं तोंड कसं आहे हे तिथं कुणाला ठाऊक नाही. आबांचं तोंड मात्र न दिसणाऱ्या पोरांनासुद्धा पाठ व्हावं, अशी आबांची खटपट. मागं एकदा त्यांनी बहिऱ्या मुलांच्या वर्गाला स्पीकर भेट दिले आणि आंधळ्या मुलांना आपला फोटो छापलेली कॅलेंडरं. मुख्याध्यापिका मेघनाबाईंनी दोन्ही हसून ठेवून घेतलं. सरकारी अनुदान कधी येईल याचा नेम नाही, आणि पोरांना दोन वेळा जेवायला तर लागतंच. नाही कुणाला म्हणणार?

नवऱ्याच्या मिरवण्याचा काकींना राग नव्हता. लग्न झाल्यापासून तेच बघत आल्या होत्या. राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि ती गोष्ट घरात मागच्या खोलीत बसवलेली असायची.

थोरला मुलगा दिग्विजय आणि स्वरूपा यांची मुलगी शिवांजली सहा वर्षांची झाली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून तसं स्वच्छ सांगितलं आणि कानाची मशीन दिली. आबांनी ती मशीन कपाटात कुलूप घालून ठेवली. का? तर पाहुण्यांना दिसते. "आमच्या घराण्यात पोरं उशिराच बोलत्यात," असं ते ठासून सांगायचे. पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की पोराला वाचा फुटते, असं कुणी तरी त्यांच्या डोक्यात भरवलं. मग अख्खा हंगाम मळ्यातले गडी पोपटांच्या मागं पळत होते आणि शिवू बिचारी टोचलेले पेरू खात होती. पेरू संपले, पोट बिघडलं, वाचा काही फुटली नाही.

पुढं पुढं पाहुणे आले की तिला मागं न्यायची पद्धतच पडली. कुणी विचारलं, तर जरा आजारी असते म्हणायचं. धाकट्या ऋषिराजची सोयरीक फलटणला जुळत आली होती. घरात मुकी पोरगी आहे हे त्यांना कळलं तर लग्न मोडेल, हे आबांचं गणित. नातीकडं ते कधी नीट बघतसुद्धा नसत. बघितलं तर ती आहे असं कबूल करावं लागलं असतं ना.

मग काकींचे गुडघे दुखायला लागले. आठवड्यातून दोनदा त्या गुडघ्यांना शेक घ्यायला म्हणून सुनेला आणि नातीला घेऊन बारामतीला निघायच्या, आणि गाडी गावाबाहेर पडली की उलटी इंदापूरकडं वळायची. कपाटाची दुसरी किल्ली काकींच्या कनवटीला होती. शाळेत शिवू कानाला मशीन लावून पोरांच्यात बसायची, हातांनी बोलायला शिकायची. पाणी, भाकरी, नको, दुखतंय. नाकाजवळ चिमूट धरली की नथ, म्हणजे आजी. ओठावर बोटांनी मिशीला पीळ दिला की आबा. नथीची खूण करून तिनं पहिल्यांदा हाक मारली, तेव्हा काकी गाडीच्या मागं जाऊन पदरात तोंड घालून रडल्या. सहा वर्षांत त्यांना कुणी आजी म्हटलं नव्हतं.

मेघनाबाईंनी त्यांना एकदा बसवून सांगितलं, "काकी, आठवड्यातल्या दोन दिवसांनी भागायचं नाही. भाषा शिकायचं वय थांबून राहत नाही. तिला इथं राहू द्या, बाकीच्या मुलींबरोबर." फक्त बापानं स्वतः येऊन हो म्हणायला हवं, असा त्यांचा हट्ट होता. मागं एका मुलीला तिच्या आईनं एकटीनं घातलं होतं, आणि महिनाभरात आजा येऊन शिकत्या पोरीला उचलून घेऊन गेला. तसं पुन्हा नको होतं त्यांना.

आता बाप म्हणजे दिग्विजय. अंगानं पैलवान, गावात चार पोरं पुढं-मागं, पण आबांना विचारल्याशिवाय शिंकायचा नाही. काकींनी विषय काढला की त्याचं ठरलेलं उत्तर, आबांना विचारू. आबांना विचारलं की आबांचं ठरलेलं उत्तर, ऋषीचं लग्न होऊ द्या. काकी एकदा त्याला तोंडावर म्हणाल्या, की तुझ्यापरीस तुझी मुकी पोरगी जास्त बोलती. त्यावरही तो मूग गिळून बसला. खाण तशी माती, असं म्हणून काकींनी कपाळावर हात मारला. जून सरत आला, वर्ग भरले, आणि शिवूची जागा मेघनाबाई किती दिवस राखून ठेवणार?

म्हणून काकींनी लाडूतुलेचा दिवस धरला. त्यांचा हिशेब साधा होता. शिवूला शाळेचा गणवेश घालायचा, कानाला मशीन लावायची आणि पोरांच्या पंगतीत बसवायची. लाडू भरवत भरवत आबा तिच्यापुढं आले की काय करतील? चिडतील, हबकतील, लाजेकाजेस्तव उचलून घेतील. काहीही करोत. चारचौघांत नात समोर आल्यावर ती नाही असं तर म्हणता येणार नाही. एकदा उघड झालं की लपवायला काही उरणार नाही, आणि पोरगी शाळेत राहील. मेघनाबाईंना हे पटत नव्हतं. त्या म्हणाल्या, पोरीसमोर घरचा तमाशा नको. काकींनी त्यांचा हात धरून सांगितलं, तमाशा सहा वर्षं चाललाय, तो संपवायचाय.

त्या दिवशी काकी पैठणी नेसून, आबा पूजेत असतानाच सुनेला आणि नातीला गाडीत घालून पुढं गेल्या, स्वयंपाकावर नजर ठेवते म्हणून. आबा मागून आले, गाड्यांची रांग घेऊन. अंगणात मार्केट यार्डातला मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात गादी घातली होती, त्यावर आबा फेटा बांधून मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात लाडू रचलेले दिसत होते. दिसत होते म्हणायचं कारण असं, की खाली गुळाच्या ढेपा होत्या आणि लाडूंचा थर नुसता वर होता. काटा मारायची सवय, ती देवाच्या दारीही सुटत नाही, मग इथं कशी सुटेल? पारडी बरोबरीला आली. कार्यकर्त्यांनी फटाक्यांची माळ लावली आणि गाडीवरचा स्पीकर सोडला. बहिरी पोरं धूर कुठं चाललाय ते बघत राहिली. आंधळ्या पोरांनी कानांवर हात दाबले, त्यातली दोन लहानगी फुलाबाई स्वयंपाकिणीच्या लुगड्यात शिरली. आबा पारड्यातून हात हलवत होते.

मग पंगत बसली. वऱ्हांड्यात लांबच लांब ओळ, प्रत्येकापुढं ताट. शिवू ओळीच्या मधोमध, दोन वेण्या वर बांधलेल्या, निळा फ्रॉक, कानामागं मशीन. काकी तिच्यापासून हातभर अंतरावर खांबाला टेकून उभ्या. आता बघते, असं त्या मनाशी म्हणत होत्या, आता बघतेच कसे पुढं जाता ते.

आबा ओळीच्या टोकापासून निघाले. शेजारी दिग्विजय लाडवांचं ताट धरून, समोर उलट्या पावलांनी चालणारा फोटोवाला. आबा हात मागं करायचे, दिग्विजय लाडू हातावर ठेवायचा, आबा तो पोराच्या तोंडाशी न्यायचे, आणि बघायचे फोटोवाल्याकडं. लाडू तोंडात गेला का नाकात, याची फिकीर नाही. शाळेतली जुनी पोरं तर या कामात तरबेज झाली होती. साहेब पुढं आले की आपोआप तोंड उघडायचं आणि कॅमेऱ्याकडं बघायचं. किती वाढदिवस त्या पोरांनी असे गिळले असतील कुणास ठाऊक.

शिवू यात नवी होती. आबांना ओळीत येताना बघून तिचा चेहरा असा फुलला, की काकींना क्षणभर वाटलं, झालं आपलं काम. तिनं ओठावर बोटं नेऊन मिशीला पीळ दिला. आबा. पुन्हा दिला. आबा पुढं आले, तेव्हा तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरून ओढली, मान वर करून त्यांच्या तोंडाकडं बघत पुन्हा तीच खूण केली.

दिग्विजयनं तिला ओळखलं. त्याच्या हातातलं ताट कललं, एक लाडू घरंगळून खाली गेला.

आबांनी फोटोवाल्याकडं बघितलं. फोटोवाला म्हणाला, पोरगी इकडं बघत नाही. मग आबांनी तिची हनुवटी दोन बोटांत धरली, तिचं तोंड आपल्याकडून फिरवून कॅमेऱ्याकडं केलं, लाडू ओठांना लावला आणि म्हणाले, "हिला नीट घे रं. गोड हाय बिचारी." फ्लॅश चमकला. आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या पोरापुढं गेले.

झालं. एवढंच. काकींनी सगळं धरलं होतं, चिडणं धरलं होतं, हात उगारणंसुद्धा धरलं होतं. हे धरलं नव्हतं. एका घरात राहणाऱ्या माणसाला, एका चुलीवरचं खाणाऱ्या माणसाला, आपली नात वळखू येऊ नये? शिवू लाडू धरून बसली होती आणि पाठमोऱ्या आबांकडं बघत होती. हात अजून ओठापाशीच होता.

नंतर माईकवर आबा गहिवरले. ही माझीच नातवंडं आहेत, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. काकींनी जिभेवर आलेली शिवी मेघनाबाईंकडं बघून गिळली.

भाषण चालू असतानाच दिग्विजय मागं नळापाशी आला. स्वरूपा तिथं शिवूचं तोंड धुवत होती. तो लेकीपुढं उकिडवा बसला. मग बायकोला विचारलं, की बाबा कसं म्हणायचं असतं हातानं. स्वरूपानं करून दाखवलं. त्यानं ते इतकं वेडंवाकडं केलं, की शिवूनं त्याचा हात धरून दुरुस्त केला. तिथनं तो उठला आणि मेघनाबाईंच्या खोलीत गेला. आबांना विचारलं नाही. काकी लांबून बघत होत्या. लेकाला सहा वर्षं लागली आणि त्यापायी पोरीला असं बघावं लागलं, हे काही त्यांच्या मनातून जाईना. तरी पण त्यांनी पदरानं डोळे पुसले.

संध्याकाळी आबा ओट्यावर चहा घेत फोन चाळत बसले होते. शेकडो फोटो. त्यांनी काकींना हाक मारली आणि एक फोटो पुढं धरला. हनुवटी धरायच्या आधीचा तो क्षण फोटोवाल्यानं बरोबर टिपला होता. पोरगी आबांकडं बघते आहे, अशी बघते आहे की कुणालाही गलबलून यावं. आबा म्हणाले, काय बघतीय बघ माझ्याकडं, देव बघितल्यासारखी, हाच फोटो मोठा करून चौकात लावतो.

"नीट बघा की," काकी म्हणाल्या.

आबांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्वतःचा चेहरा मोठा केला. डोळे मिटलेले नाहीत, फेटा सरळ आहे, याची खात्री केली आणि म्हणाले, "बघितला की. झ्याक आलाय."

"मग ह्योच लावा," काकी म्हणाल्या. आत शिवूची ट्रंक भरायची होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दिग्विजय आणि स्वरूपा शिवूला घेऊन शाळेकडं निघाले. आबा तेव्हा पूजेत होते. पूजा आटोपून ते चौकात फ्लेक्स बघायला गेले. ट्रकच्या हौद्याएवढा फ्लेक्स, त्यावर आबा आणि ती पोरगी. खाली दगडाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ही गावातल्या लेकरांना न्हाऊ घालणारी म्हातारी. शिवूला तिनंच तेल लावून मोठं केलेलं, सणासुदीला घरात येणं-जाणं. आबांना बघून तिनं हात जोडले. "आबा, नातीला शाळंत घातली व्हय? लई चांगलं केलं बघा. आन् असं समद्या गावाला दावलं, याला काळीज लागतं."

आबा म्हणे आधी हसले. मग वर बघितलं. त्या आकाराचा चेहरा, तो किती वेळ चुकवणार? गाव जमायला लागलं होतं. कुणी कुचकं हसत नव्हतं, सगळे आबांचं कौतुकच करत होते, आणि आबांना तिथनं कसं निघावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात फलटणच्या व्याह्यांचा फोन आला. फोटो त्यांच्यापर्यंतही पोचला होता. ते म्हणाले, पोरीचं आम्हाला पहिल्या चौकशीतच कळलं होतं, आमचा एक चुलता तसाच आहे, तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होतो. म्हणजे ज्याच्यासाठी सहा वर्षं पोरगी कोंडली, ते भूत आबांनी स्वतःच्याच डोक्यात पाळलेलं. घ्या!

घरी आले तेव्हा काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आबांनी फेटा काढून बाजूला ठेवला.

"तू तितंच उभी हुतीस," ते म्हणाले. "मला का न्हाय सांगितलंस?"

"काय सांगायचं? ही तुमची नात हाय, अशी वळख करून द्यायची व्हती?"

आबा फेट्याशेजारी ओट्यावर बसले. इतकी वर्षं काकींनी त्यांना गप्प बसलेलं बघितलं नव्हतं. एरवी त्यांना बरं वाटलं असतं. आजसुद्धा थोडं वाटलंच, खोटं कशाला बोला. मग आबांनी विचारलं, कुठं आहे ती, बोलाव जरा इकडं. काकींनी सांगितलं, की शाळेत राहायला गेली, तिच्या बापानं नेली, आता दिवाळीला येईल. आबांनी मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. दार उघडं होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला, तो फोटो लावला, आणि या खेपेला आपला चेहरा सोडून दुसरा मोठा केला. बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःच्या ओठावर बोटं नेत, जरा चाचरतच म्हणाले, "ही असं काय तरी करत हुती मला. काय म्हणत हुती गं?"

काकींनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"तुमाला हाक मारत व्हती," त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून आत गेल्या.